दोन उजेड मिळून जास्त का? एमर्सन, गोविंदजी आणि पानातल्या दोन यंत्रणा

पानवेल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

प्रकाशसंश्लेषण शिकवताना आपण ‘सूर्यप्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड’ एवढं सांगून पुढे सरकतो. जणू प्रकाश म्हणजे एकच वस्तू. प्रत्यक्षात पान प्रत्येक रंगाच्या उजेडाला वेगळं उत्तर देतं, आणि ती उत्तरं चिकाटीने मोजणाऱ्या माणसांमुळेच पानाच्या आत काय चालतं ते आपल्याला कळलं. या माणसांत अलाहाबादहून अमेरिकेत गेलेले गोविंदजी आहेत. ते आणि त्यांच्या पत्नी रजनी यांच्या कामावर बोलावं म्हणून हा धागा काढतेय.

गोष्ट त्यांच्या गुरूंपासून सुरू होते. रॉबर्ट एमर्सन आणि चार्लटन लुईस यांनी १९४३ मध्ये क्लोरेला या एकपेशीय हिरव्या शैवालावर एक मोजणी प्रसिद्ध केली. एका वेळी एकाच तरंगलांबीचा प्रकाश टाकायचा, शैवालाने किती फोटॉन (प्रकाशाचे कण) शोषले ते मोजायचं आणि त्या बदल्यात किती ऑक्सिजन बाहेर पडला ते मोजायचं. ६८० नॅनोमीटरपर्यंत लाल प्रकाश छान काम करत होता. त्यापुढे मात्र उत्पन्न धाडकन खाली आलं. हरितद्रव्य ६८० च्या पुढचा प्रकाशही शोषतं, मग शोषलेला प्रकाश कामी का येत नाही? या घसरणीला ‘रेड ड्रॉप’ म्हणतात.

युद्धामुळे काम थांबलं. त्या काळात एमर्सन कॅलिफोर्नियातल्या मांझानार छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांसोबत ग्वायुले या झुडपापासून रबर काढण्याच्या प्रकल्पात होते. तिथे त्या लोकांतल्या शिकलेल्या माणसांना त्यांनी संशोधक म्हणून वागवलं. मला हे त्यांच्या मोजणीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

युद्धानंतर ते इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना इथे आले आणि १९५७ मध्ये त्यांच्या गटाने घसरणीचं उत्तर देणारा प्रयोग प्रसिद्ध केला. ७०० च्या आसपासचा दूर-लाल प्रकाश एकटा जवळजवळ निकामी. पण त्याच वेळी कमी तरंगलांबीचा दुसरा प्रकाशही सोडला, तर दोन्ही मिळून येणारा ऑक्सिजन दोघांच्या वेगवेगळ्या बेरजेपेक्षा जास्त. म्हणजे दूर-लाल प्रकाश वाया जात नव्हता, त्याला जोडीदार हवा होता. हाच ‘एमर्सन वृद्धी परिणाम’.

गोविंदजी १९५६ मध्ये अर्बानाला पोहोचले. अलाहाबाद विद्यापीठात त्यांचे शिक्षक होते श्रीरंजन, आणि श्रीरंजन हे केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांचे विद्यार्थी. रजनी पुढच्या वर्षी आल्या. दोघंही एमर्सनचे विद्यार्थी. फेब्रुवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत एक विमान कोसळलं, त्यात एमर्सन गेले. दोघांचे प्रबंध अर्धवट होते. यूजीन राबिनोविच यांनी दोघांना मार्गदर्शन केलं. हे तेच राबिनोविच, ज्यांनी मॅनहॅटन प्रकल्पात काम केलं आणि नंतर अण्वस्त्रांच्या धोक्याबद्दल लिहिण्यासाठी शास्त्रज्ञांचं नियतकालिक काढलं.

आता खरा मुद्दा. एमर्सन यांना वाटत होतं की एक यंत्रणा हरितद्रव्य ‘अ’ ची आणि दुसरी पूरक रंगद्रव्यांची, जसं हिरव्या शैवालात हरितद्रव्य ‘ब’. गोविंदजींनी वृद्धी परिणाम रंगागणिक अधिक बारकाईने मोजला, तेव्हा ६७० च्या आसपास एक उंचवटा दिसला. तो हरितद्रव्य ‘अ’ चाच होता. म्हणजे हरितद्रव्य ‘अ’ दोन्हीकडे आहे, फक्त वेगवेगळ्या रूपात, आणि दोन्हीकडची कामं वेगळी. हे त्यांनी राबिनोविच यांच्यासोबत १९६० मध्ये मांडलं.

रजनी यांचं काम मला याहूनही नेमकं वाटतं. तेव्हा एक रास्त शंका होती: शैवाल श्वसनातून ऑक्सिजन वापरतंही. दुसऱ्या उजेडाने प्रकाशसंश्लेषण वाढत नसून नुसतं श्वसन कमी होत असेल तर? आकडा तसाच दिसेल. रजनी यांनी क्विनोन हे इलेक्ट्रॉन घेणारं रसायन घातलेल्या क्लोरेलावर तोच प्रयोग केला. तिथे श्वसन बंद, कार्बन डायऑक्साइडची गरज नाही, इलेक्ट्रॉन थेट क्विनोनकडे जातात. परिणाम तिथेही दिसला. शंका मिटली.

त्याच वर्षी, १९६० मध्ये, हिल आणि बेंडल यांनी दोन यंत्रणा एकामागोमाग जोडलेल्या असाव्यात असं सुचवलं. पाठ्यपुस्तकातली ‘झेड’ आकृती ती हीच. पुढच्या वर्षी डुइसेन्स आणि सहकाऱ्यांनी लाल शैवालात दाखवलं की एका रंगाचा प्रकाश सायटोक्रोम या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या प्रथिनातून इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि दुसऱ्या रंगाचा तो परत भरतो. दोन यंत्रणा आणि मध्ये सायटोक्रोम, हे चित्र पक्कं झालं.

माहिती असणाऱ्यांनी भर घाला, न समजलेलं विचारा.

---

आडवाटेचा_वाटसरू

सुंदर लिहिलंय. एक साधी शंका: त्यांचं नाव नुसतं ‘गोविंदजी’ कसं? आडनाव?

---

पानवेल

आडनाव वापरत नाहीत. घराण्याचं आडनाव अस्थाना, पण त्यावरून जात कळते म्हणून वडिलांनी ते सोडलं. शोधनिबंधांवरही एकच शब्द असतो.

---

मळेकरी_सांगली

ताई, मी विज्ञानाचा नाही, पॉलिहाऊसवाला आहे. पण हे वाचून आमच्या दोन टप्प्यांच्या उपसा योजनेची आठवण झाली. नदीवरून पहिल्या टप्प्याचा पंप पाणी मधल्या हौदात टाकतो, तिथून दुसऱ्या टप्प्याचा पंप माळावर. एकच पंप चालू ठेवला तर हौद तरी भरून थांबतो नाहीतर कोरडा पडतो. माळाला पाणी दोन्ही चालले तरच. बरोबर समजलो का?

दुसरं. ग्रो लाइट विकणारे सांगतात की फक्त लाल आणि निळा घ्या, ७०० च्या पुढचा उजेड म्हणजे वीज वाया. तुमच्या धाग्यावरून तर उलटं वाटतंय.

---

पानवेल

दादा, अगदी बरोबर. तुमचा मधला हौद म्हणजे डुइसेन्स यांनी मोजलेला सायटोक्रोम आणि त्याच्या शेजारचे इलेक्ट्रॉन वाहक. मायर्स आणि फ्रेंच यांनी १९६० मध्ये दोन रंगांचा प्रकाश एकत्र न देता आलटून पालटून, काही सेकंदांच्या अंतराने दिला. तरी वृद्धी दिसली! म्हणजे पहिल्या उजेडाचं काम मध्ये कुठेतरी काही सेकंद साठून राहतं.

दिव्यांचं म्हणाल तर विक्रेत्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. ‘प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश’ म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर अशी व्याख्या रूढ आहे आणि मोजणीची यंत्रंही तेवढंच मोजतात. पण ती व्याख्या एका वेळी एकच रंग देऊन केलेल्या मोजणीवर उभी आहे. यूटा स्टेट विद्यापीठातल्या झेन आणि बग्बी यांनी २०२० मध्ये १४ पिकांवर दाखवलं की ७०० ते ७५० मधले फोटॉन इतर प्रकाशात योग्य प्रमाणात मिसळले तर ते नेहमीच्या फोटॉनइतकंच काम करतात. एमर्सनचा परिणाम आता दिव्यांच्या बाजारात पोहोचलाय, तो असा.

पण थांबा, यात एक अडचण आहे. दूर-लाल वाढवला की बऱ्याच झाडांचे कांडे लांबतात, खोड उंच आणि बारीक होतं. लेट्यूसला पानं पसरतात ते चालतं, रोपवाटिकेत लांबलेली रोपं कुणाला नकोत. म्हणून पीक कोणतं आणि तुम्हाला त्यातून काय विकायचंय, त्यावर ठरवा.

---

शेवंतीवाली

हा लांबण्याचा प्रकार म्हणजे फायटोक्रोम ना? आमच्याकडे शेवंतीला रात्री लायटिंग करतात, लवकर कळ्या लागू नयेत म्हणून. ड्रॅगन फ्रूटवाले बिगरहंगामी फळासाठी करतात. तेही प्रकाशसंश्लेषण वाढवण्यासाठीच, असं गावात सगळे समजतात.

---

पानवेल

ताई, फार चांगलं झालं तुम्ही हे काढलंत. या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते, कारण दोन्हीकडे ‘लाल’ आणि ‘दूर-लाल’ अशी जोडी आहे.

धाग्यातली जोडी ६८० आणि ७०० ची. ती हरितद्रव्याची, कामधंद्याची. तिथे प्रत्येक फोटॉन खर्ची पडतो.

फायटोक्रोमची जोडी ६६० आणि ७३० ची. हे वेगळं प्रथिन, आणि त्याचं काम खबर देण्याचं. अमेरिकेत बेल्ट्सविलच्या बोर्थविक, हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर ते उघड केलं. लाल प्रकाश दिला की बी रुजतं, लगेच दूर-लाल दिला की रुजणं रद्द, परत लाल दिला की परत रुजतं. कितीही वेळा आलटून पालटून द्या, शेवटचा रंग कोणता यावर निकाल.

शेवंती लहान दिवसाची. रात्र लांबली की कळी धरते. मध्यरात्री थोडा लाल उजेड मिळाला की तिला ती एक लांब रात्र न वाटता दोन लहान रात्री वाटतात आणि ती वाढतच राहते. ड्रॅगन फ्रूट उलट, त्याला लांब दिवस हवा. दोन्हीकडे बल्बचा उजेड इतका मंद असतो की त्यावर होणारं प्रकाशसंश्लेषण नगण्य. म्हणून तिथे वॉट वाढवून उत्पादन वाढेल असं समजू नका. योग्य रंगाचा उजेड योग्य वेळी मिळाला की झालं.

आणि दूर-लालने कांडं का लांबतं? दाट पिकात वरची पानं लाल शोषून घेतात आणि दूर-लाल खाली झिरपतो. झाडाला त्यावरून कळतं की डोक्यावर शेजारी आहे, आणि ते उंच होण्यामागे लागतं.

---

मळेकरी_सांगली

आमचं लायटिंगचं बिल आता नव्या नजरेने बघणार. मनापासून धन्यवाद ताई.

---

अदिश_राशी

भौतिकशास्त्राकडून थोडी भर. या सगळ्याच्या पाठीमागे एक मोठा वाद होता आणि त्याशिवाय एमर्सन इतक्या बारकाईने का मोजत बसले ते समजत नाही.

एमर्सन हे बर्लिनला ओटो वॉरबुर्ग यांच्याकडे पीएचडी झालेले. वॉरबुर्ग म्हणजे १९३१ चे नोबेल विजेते. ऑक्सिजन मोजण्याचं मॅनोमीटर तंत्रही त्यांचंच. वॉरबुर्ग यांचा दावा होता की एका ऑक्सिजन रेणूसाठी ३ ते ४ फोटॉन पुरतात. एमर्सन यांना मात्र ८ ते १२ मिळत होते. गुरू एकीकडे, शिष्य दुसरीकडे, आणि शिष्याच्या हातात गुरूचंच उपकरण.

हिशेब करून बघा. ६८० नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनमध्ये सुमारे १७६ किलोज्यूल ऊर्जा असते. एक मोल कार्बन डायऑक्साइडचं कर्बोदक करायला साधारण ४८० लागतात. ४ फोटॉन म्हणजे ७०४, कार्यक्षमता ६८ टक्के. ८ फोटॉन म्हणजे १४०८, कार्यक्षमता ३४ टक्के. म्हणजे वाद निसर्ग दोन-तृतीयांश ऊर्जा साठवतो की एक-तृतीयांश, यावर होता.

१९४८ मध्ये वॉरबुर्ग स्वतः अर्बानाला आले, एकत्र मोजून निकाल लावू म्हणून. निकाल लागला नाही. एमर्सन गेल्यानंतर रजनी गोविंदजी, राबिनोविच आणि गोविंदजी यांनी वॉरबुर्ग यांनी सांगितलेल्या अटी, म्हणजे कोवळ्या पेशी आणि भरपूर कार्बन डायऑक्साइड, पाळून पुन्हा मोजलं आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध केलं. उत्तर ८ ते १२ च्याच घरात.

दोन यंत्रणांमुळे त्या ८ ला कारणही मिळालं. एका ऑक्सिजन रेणूसाठी पाण्याच्या दोन रेणूंमधून ४ इलेक्ट्रॉन काढावे लागतात. प्रत्येकाला दोनदा उचलायचं. चार दुणे आठ. वॉरबुर्ग १९७० मध्ये वारले, शेवटपर्यंत त्यांनी हे मान्य केलं नाही.

---

पानवेल

@अदिश_राशी, हे मी लिहायलाच हवं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत. मला यात एमर्सन यांचा स्वभाव दिसतो. ज्यांनी शिकवलं त्यांच्याविरुद्ध आकडा येतोय म्हटल्यावर त्यांनी वर्षानुवर्षं उपकरणातली प्रत्येक संभाव्य चूक शोधली. आणि त्या शोधण्यातच रेड ड्रॉप सापडला.

---

जुना_कोलकातावासी

धागा चांगला आहे, पण भारतीय संशोधकांचं नाव निघालं की जगदीशचंद्र बोस यांना विसरू नये. १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावर त्यांचा स्वतंत्र ग्रंथ आला. हायड्रिला या पाणवनस्पतीचे बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्र त्यांनी स्वतः बनवलं होतं.

---

पानवेल

पूर्ण सहमत. गोविंदजींनीही हैदराबादच्या राघवेंद्र यांच्यासोबत बोस यांच्या या कामावर लिहिलंय, त्यामुळे त्यांनाही हा मान मान्यच असणार.

हायड्रिलाचा भाग तर खूप मोलाचा आहे. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्या हायड्रिलापेक्षा वेगळी वागते आणि त्यात मॅलिक आम्लाचा संबंध आहे, हे बोस यांनी नोंदवलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ लावायला चौकटच नव्हती. नंतर ऊस आणि मक्यात सी-४ मार्ग, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आधी पकडून एकवटण्याची पद्धत, सापडला, आणि मग कळलं की हायड्रिला पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी पडला की एकाच पेशीत सी-४ सारखी पद्धत सुरू करते. आपल्या तळ्यांत जाळं करून बसणारी ही वनस्पती! तिची चर्चा बहुधा ‘काढून टाका’ एवढ्यापुरतीच होते.

---

फळा_खडू

मी नववी-दहावीला शिकवते. वर्गात दाखवता येईल असं काही आहे का? नुसती आकृती बघून मुलांना हे खरं वाटत नाही.

---

पानवेल

बाई, आहे. पालकाची पानं ठेचून स्पिरिटमध्ये घाला, गाळून घ्या. खोलीत अंधार करा आणि त्या हिरव्या द्रावावर नोटा तपासायची जांभळी टॉर्च मारा. द्राव रक्तासारखा लाल चमकतो. ही हरितद्रव्याची प्रतिदीप्ती. शोषलेला प्रकाश पुढे द्यायला तिथे कुणी नाही, म्हणून बराचसा लाल होऊन परत येतो. जिवंत पानात तो पुढे कामाला जातो, परत येतो फक्त एक-दोन टक्के. मुलांना टॉर्च पानावर आणि द्रावावर आळीपाळीने मारू द्या, फरक डोळ्यांनी दिसतो.

ती एक-दोन टक्के प्रतिदीप्ती म्हणजेच गोविंदजींच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा विषय. जर्मनीत काउत्स्की आणि हिर्श यांनी १९३१ मध्ये पाहिलं होतं की अंधारात ठेवलेल्या पानावर अचानक प्रकाश टाकला की ती सेकंदभरात झरकन वाढते आणि मग मिनिटांत उतरते. त्या चढउताराच्या प्रत्येक पायरीला आत काय घडतंय, हे उलगडण्यात गोविंदजींच्या गटाचा मोठा वाटा आहे. आज शेतात पान चिमट्यात धरून मोजणारी छोटी यंत्रं मिळतात ती याच तत्त्वावर. शोषलेल्या प्रकाशातला जास्तीत जास्त किती वाटा कामी येऊ शकतो, तो आकडा निरोगी पानात ०.८३ च्या आसपास येतो. झाडावर ताण असेल तर डोळ्यांना पान हिरवंगार दिसत असतानाही तो उतरलेला असू शकतो.

---

सोयाबीन_वाशीम

वाचत होतो, आता विचारतो. प्रकाशसंश्लेषण सुधारून सोयाबीनचं उत्पादन ३३ टक्के वाढवलं अशी बातमी काही वर्षांपूर्वी होती. ती याच विद्यापीठाची ना? खरी आहे का?

---

पानवेल

हो, तीच अर्बाना. काम स्टीफन लाँग यांच्या गटाचं आणि बर्कलीच्या कृष्ण नियोगी यांचं.

भर दुपारी पानावर गरजेपेक्षा जास्त प्रकाश पडतो. तो पुढे ढकलला तर यंत्रणा जळते, म्हणून पान जादा ऊर्जा उष्णता करून सोडून देतं. त्यासाठी एक पिवळं रंगद्रव्य, झियाझँथिन, तयार होतं आणि पीएसबीएस नावाचं प्रथिन मदत करतं. या प्रथिनाची ही भूमिका नियोगी यांच्या गटाने २००० मध्ये दाखवली. अडचण पुढे आहे. ढग आला, सावली पडली, तरी पान काही मिनिटं ऊर्जा सोडतच राहतं. तेवढा वेळ प्रकाश वाया. आपल्या श्रावणातलं आभाळ डोळ्यांसमोर आणा, दिवसातून असं किती वेळा होत असेल.

त्यांनी तीन जनुकांची मात्रा वाढवून ही सोडण्याची क्रिया झटपट बंद होईल असं केलं. तंबाखूत २०१६ मध्ये शेतातल्या झाडांचं कोरडं वजन १४ ते २० टक्के वाढलं. सोयाबीनचा निबंध २०२२ चा. ३३ टक्के ही त्यातली सगळ्यात वरची वाढ, सगळ्या वाणांची सरासरी नव्हे. पुढच्या हंगामात पीक लोळलं आणि तसा स्पष्ट फरक दिसला नाही. आणखी एक: हाच बदल अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत करून पाहणाऱ्या दुसऱ्या गटाला वाढ तर नाहीच, उलट खुंटलेली झाडं मिळाली.

म्हणून माझं मत असं की बातमी खोटी नाही, पण त्यावर उद्याच्या पेरणीचा विचार करू नका. हे जनुकीय बदल केलेलं बियाणं आहे, आणि आपल्याकडे शेतकऱ्यांच्या शेतात परवानगीने उभं असलेलं तसं पीक म्हणजे बीटी कापूसच. तरीही मला हे काम फार आशेचं वाटतं. पीक सुधारणेत आपण कणसं, शेंगा, उंची, रोग सगळं पाहिलं. पान उजेडाचं काय करतं तिकडे फारसं गेलो नाही.

---

सोयाबीन_वाशीम

इतकं सरळ उत्तर मिळालं, बरं वाटलं. बातम्यांत पहिला आकडा छापतात आणि विषय संपतो.

---

फळा_खडू

टॉर्चचा प्रयोग कालच केला, वर्ग अक्षरशः ओरडला. आता मुलांना एमर्सनचा प्रयोग करायचाय! हायड्रिला, उलटं नरसाळं आणि रंगीत जिलेटिन पेपर आहेत शाळेत. जमेल?

---

पानवेल

वा! फार आनंद झाला.

जिलेटिन पेपरने मात्र नको. लाल आणि निळा कागद सारखा प्रकाश पुढे सोडत नाहीत, त्यामुळे बुडबुड्यांतला फरक रंगाचा की उजेडाच्या प्रमाणाचा, ते कळणारच नाही. शिवाय बरेचसे कागद दूर-लाल सरळ आरपार जाऊ देतात, म्हणजे तुम्हाला नको तिथेही तो येतो. एमर्सन यांची निम्मी मेहनत याच एका गोष्टीत गेली: प्रत्येक रंगाचे शोषलेले फोटॉन मोजणं.

त्याऐवजी एलईडी वापरा. ६६० ची एक पट्टी, ७३० ची एक. ७३० हे ७०० पेक्षा बरंच पलीकडे आहे, त्यामुळे परिणाम कमी दिसेल, पण सहज मिळतो तो हाच. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, खोली अंधारी ठेवा. ६६० चा उजेड मुद्दाम मंद ठेवा. हे सर्वांत महत्त्वाचं, कारण उजेड भरपूर असला की पान आधीच पूर्ण ताकदीने चालत असतं आणि वृद्धी दिसत नाही. मग क्रमाने नुसता ६६०, नुसता ७३०, दोन्ही. प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबून मगच मोजा, आणि क्रम बदलून परत करा.

बुडबुडे हे ढोबळ माप आहे, आकार कमी-जास्त होतो. म्हणून चार-पाच गटांना वेगवेगळी मोजणी करू दे आणि सगळे आकडे फळ्यावर लिहा, न जुळणारे सुद्धा.

---

फळा_खडू

दिवाळीच्या सुट्टीनंतर करते. आकडे इथेच टाकते. ७३० चे दिवे ऑनलाइन ‘फार रेड’ म्हणून शोधायचे ना?

---

मळेकरी_सांगली

बाई, माझ्याकडे पट्टीचे तुकडे उरलेत, ६६० आणि ७३० दोन्ही. व्यक्तिगत निरोप करा, कुरिअरने पाठवतो. दिव्यांना वीज कमी-जास्त करून देणारा ड्रायव्हर पण देतो, त्याशिवाय मंद करता येणार नाहीत.